ओहोटीला उभा राहणारा

६ नोव्हेंबर

पोचले! सामान अजून बांधलेलंच आहे. रंगांची पेटी, ही वही आणि चहाचं पातेलं एवढंच बाहेर काढलंय, आणि आज आणखी कशाची गरज पडेल असं वाटत नाही.

खारजू म्हणजे भिवंडीच्या खाडीतलं बेट, पण बेट म्हणताना थोडा संकोच वाटावा एवढंसं. कडेने तिवरांची झाडी, मधे जरा चढावर चिंचेची झाडं आणि त्यांच्या सावलीत हिरामणशेठांनी बांधलेली ही गॅलरी. पुढे लांबट दालन, उत्तरेच्या उजेडासाठी मोठ्या काचा. मागे माझी खोली, ओटा, मोरी. ओटीवर बसलं की समोर आधी चिखल, मग पाणी, मग पलीकडच्या काठावर गोदामांचे निळे पत्रे, आणि त्यांच्याही मागे कामतघरकडची धुरकट घरं. हे सगळं रोज बदलतं. भरतीला चिखल गायब, ओहोटीला खाडी एवढी अंग चोरून बसते की वाटावं चालत भिवंडीला जावं.

हिरामणशेठांचं ठाण्यातल्या माझ्या प्रदर्शनात माझ्या चित्रांशी जमलं. आगरी माणूस, बोलायला मोकळा. शेतावर गोदामं झाली, आता हौस करायची म्हणाले. त्यांच्या वाडवडिलांचं मिठागर याच बेटावर होतं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही रंगवा, लोकांना दाखवा. रविवारी आमची मानसं येतील, शाळांच्या सहली येतील. दुसरा काय नको मना."

वाईच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलींकडून फुलदाण्या काढून घेतल्या. आता माझ्या नावाची पाटी असलेलं दार आहे. विनिता, बये, अजून काय पाहिजे?

लडकू होडीवाला सकाळी पाणी आणि भाजी आणून देणार आहे. आज पोचवताना त्याने बजावलं की चिखलात एकटीने उतरायचं नाही, माणूस मांडीपर्यंत रुततो. बरं म्हटलं.

११ नोव्हेंबर

काल पहिला रविवार. माणसं आली, चित्रांपुढे उभं राहून फोटो काढले, डबे खाल्ले, चिंचा पाडल्या. मला फार आवडलं सगळं. निजामपुऱ्याहून जाहिदाबी म्हणून एक बाई आल्या होत्या, घरचे कापडाचे लूम आहेत त्यांचे. त्या एकेका चित्रापुढे थांबून "इथं किती शांत वाटतं हो," म्हणत होत्या. खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाने असं म्हटलं की चित्रकाराला दुसरी पावती लागत नाही.

हिरामणशेठ त्यांच्या थोरल्या बहिणीला घेऊन आले होते. सगळे तिला आक्का म्हणतात. काटक, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत कासोट्याचं लुगडं. सगळं दालन हिंडली आणि मला म्हणाली, "बाय, यान मानूसच न्हाय कुठं."

मी समजावलं की मी निसर्गचित्रं करते. माणूस काढलाच तर दूरवर, दोन-तीन फटकाऱ्यांचा. झाड केवढं, पाणी केवढं ते कळावं म्हणून. चेहरा मी काढत नाही. खरं तर मला जमतच नाही.

तिने ऐकून घेतलं. मग पश्चिमेच्या काठाच्या चित्रापुढे गेली. ओहोटी, ओला चिखल, तिवरांची मुळं, बाकी काही नाही. माझं इथलं पहिलं चित्र. म्हणाली, याच काठाला तिचा मुलगा मनोज रेतीच्या होडीवरून पडला. ऐन तरुण होता, लग्न ठरलं होतं. खाडीने परत दिला नाही. "त्याला ठेव ना यान. एवडासाच ठेव. निला सदरा होता त्याच्या अंगान."

हिरामणशेठ दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मी हो म्हटलं. नाही कोण म्हणेल?

१३ नोव्हेंबर

मनोजला ठेवला. जलरंगात पूर्ण झालेल्या चित्रावर परत हात चालवायला धीर लागतो, खोडायची सोय नसते. निळ्याचा एक फटकारा, खाली पांढरी अर्धी विजार, वर डोकं. चेहऱ्याला यलो ऑकरमध्ये, म्हणजे मातकट पिवळ्यात, जरा तपकिरी घालून एकच टिपका. डावा हात करताना ब्रशमध्ये पाणी जास्त झालं आणि ओघळ आला, हात गुडघ्याच्या खाली उतरला. टिपायला गेले तर आणखी पसरला, म्हणून सोडून दिला. एवढ्या लहान आकृतीत कोण बघतंय?

१६ नोव्हेंबर

आक्का येऊन बघून गेली. किती वेळ उभी होती! चेहरा नाही म्हणून रागावेल असं वाटलं होतं. तर म्हणाली, "मना ठाव हाय तो कसा दिसं." मग चित्राच्या काचेवर हात फिरवला, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. इतक्या वर्षांत माझ्या चित्राचा कुणाला इतका उपयोग झाला नव्हता.

१८ नोव्हेंबर

काल जाहिदाबी सुनेला, बुशराला, घेऊन परत आल्या. मी आत चहा करत होते. बुशरा आत येऊन सहज म्हणाली, "मॅडम, तो चित्रातला माणूस बाहेर चिखलात का उभा आहे? बोलवा ना त्याला, ऊन किती आहे."

मी हसत बाहेर आले.

पश्चिमेच्या काठावर, जिथे चित्रात तिथेच, निळ्या सदऱ्यातला माणूस उभा होता. मी म्हटलं, कुणीतरी मासे धरायला आला असेल. हाक मारली. तो हलला नाही. जाहिदाबींनीही पाहिला. मग त्या बुशराचा हात धरून, चहा न घेताच, होडीकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही पण चला आमच्याबरोबर. आजचा दिवस तरी."

मी गेले नाही. भरती आली तसं पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं. तो उभाच. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मग पाणी डोक्यावरून गेलं आणि तिथे नुसतं पाणी राहिलं.

१९ नोव्हेंबर

आज ओहोटी लागल्यावर तो तिथेच होता. फळ्या टाकत टाकत मी चिखलातून जवळ गेले, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी.

डावा हात गुडघ्याच्या खाली लोंबत होता. टोकाला निमुळता, बोटं नाहीत.

आणि त्याने मान माझ्याकडे वळवली. तोंडाच्या जागी पिवळट तपकिरी सपाट काहीतरी. नाक नाही, डोळे नाहीत. एका कडेला जरासं फिकट, ब्रश उचलताना राहतं तसं.

तो माझाच फटकारा आहे. माझा हात मी ओळखते.

२१ नोव्हेंबर

काल लडकूबरोबर भिवंडीला गेले आणि हिरामणशेठांना सगळं सांगितलं. आपण वेड्यासारखं बोलतोय हे मला कळत होतं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, हसलेही नाहीत. मग म्हणाले, आक्काला कळलंय. जाहिदाबीच्या सुनेकडून गावात बोललं गेलं. आक्का त्याच सकाळी लडकूच्या भावाच्या होडीने बेटावर गेली होती.

मी धावत परत आले. हिरामणशेठ सोबत आले, पण धक्क्यावरून वर येईपर्यंत, वर ओटीवर बसल्यावरही, पश्चिमेकडे पाठ करून राहिले. सबंध वेळ. त्यांनी बघितलंच नाही.

आक्का चिखलाच्या कडेला बसली होती. समोर केळीच्या पानावर भाकरी आणि सुकटीची चटणी. तो तिच्यापासून दोन हातांवर, मान तिच्याकडे वळवलेली. ती बोलत होती. कुणाचं लग्न झालं, कोण मेलं, खाडीवर पूल झाला, मिठागरं गेली, सगळं त्याला सांगत होती.

मी तिला उठवायला गेले तर माझ्याकडे बघून हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. "बाय, तुझं कसं उपकार फेडू?"

हिरामणशेठ म्हणाले, राहू द्या तिला इथे. किती वर्षांनी पोटभर जेवली.

मी म्हटलं, अहो, त्याला तोंड नाही! ते होडीत बसले. "मॅडम, तिला हाय तेवडं पुरतंय. आपून कोन बोलनार?"

२३ नोव्हेंबर

मी जाऊ शकते. लडकू रोज येतो, बसावं आणि जावं. पण आक्का माझ्या खोलीत झोपते, माझ्या हातचा चहा पिते, आणि ओहोटी लागली की लुगडं खोचून निघते. तिला इथे एकटीला कशी टाकू? त्याला तर मीच इथे आणलाय.

तो आता काठावर नाही, चिंचेपाशी आहे. रोज थोडा वर येतो. ज्या वाटेने येतो तिथलं गवत निळसर ओलं राहतं.

लडकूने आज होडी टेकवली नाही. पाण्याचे कॅन धक्क्यावर टाकले आणि वळला. रविवारची माणसं येणार नाहीत, म्हणाला. कोण आणणार त्यांना?

२५ नोव्हेंबर

तो दालनाच्या काचेला आला. बाहेरून. सबंध दुपार. चेहऱ्याची जागा काचेला टेकवून उभा होता, आणि काचेवर पिवळट डाग उमटला. मी आतून पुसायला गेले, पुसला जाईना. डाग बाहेर होता.

त्याला माझ्याकडून काहीतरी हवंय. काय ते सांगायला त्याला तोंड नाही.

आक्का म्हणते, चेहरा मागतोय. तिने घरून आणलेल्या ट्रंकेतून त्याचा फोटो काढला, ओळखपत्रावरचा, उडालेला. "काड ना, बाय." मी कागदावर सराव केला. किती कागद फाडले. एकाही चेहऱ्यात तो मुलगा आला नाही. उलट बघवणार नाही असं काहीतरी येत होतं. हे त्याच्या तोंडावर बसलं तर?

मी नाही म्हटलं. आक्का पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली.

२६ नोव्हेंबर

मी त्याला पुसायचं ठरवलं. चित्र चौकटीतून काढलं. स्पंज ओला केला. निळा हलका रंग आहे, सुटतो. हळूहळू सोडवला, टिपला, परत सोडवला. पूर्ण जात नाही, कधीच जात नाही. तिथे एक धुरकट निळा-पिवळा डाग राहिला, तिवरांच्या मुळांपर्यंत पसरलेला.

बाहेरून आवाज आला. माणसाचा नव्हे. ओलं कापड फाडावं तसा, आणि तो थांबेना—

मागोमाग आक्काची किंकाळी.

२७ नोव्हेंबर

तो मेला नाही. गेला नाही.

चिंचेपासून ओटीच्या पायरीपर्यंत पसरलाय. निळं, पातळ, त्यातून गवत दिसतं. आणि त्यातलं काहीतरी हलतं. आक्का त्याला पदराने गोळा करत होती. गोळा करून एका जागी आणत होती, आणि ते परत पसरत होतं.

मी तिच्या पाया पडले. तिने मला शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता कळलं. त्या कागदाला जे करीन ते त्याला होईल. फाडला तर? जाळला तर? नको. नको.

२९ नोव्हेंबर

कालपासून आक्का जेवत नाही, पाणीही नाही. हिरामणशेठांना फोन केला. माणसं घेऊन येतो म्हणाले, आले नाहीत. परत लावला तर उचलत नाहीत.

मी शेवटी त्याला पुन्हा रंगवला. त्याच डागावर. निळा, पांढरा, टिपका. हात आता दोन्ही नीट काढले. पण खालचा डाग झाकला जात नाही.

दुपारी तो उभा होता. स्वतःच्याच पसरलेल्या रंगात, घोट्यापर्यंत. आक्का त्याच्याजवळ जाऊन बसली. मी आत येऊन रडले.

१ डिसेंबर

मी अंघोळीला गेले होते. तेवढ्यात आक्का दालनात गेली. माझी पेटी उघडी होती.

आयुष्यात तिने ब्रश धरला नसेल. बोटच बुडवलं तिने. मनोजशेजारी हिरव्याचा एक डाग, तिच्या लुगड्याचा, आणि वर बोटाच्या टोकाने एक तपकिरी टिपका. तिच्या बोटाचा ठसा त्यात स्पष्ट दिसतो.

मला म्हणाली, "आता मी पन हाय त्याच्याजवल. तू कालजी करू नको."

मी स्पंज उचलला. आणि खाली ठेवला.

२ डिसेंबर

काठावर दोघं उभी आहेत. निळा आणि हिरवी.

पण आक्का इथे आहे! माझ्यासमोर, ओटीवर, चहाचा कप घेऊन. मग ती कोण?

बोलताना तिचे ओठ नीट हलत नाहीत. झिजलेल्या नाण्यासारखं तोंड झालंय. विचारलं तर म्हणते, काय होत न्हाय.

३ डिसेंबर

तिने कप तोंडाला लावला. चहा हनुवटीवरून खाली आला. लुगड्यावर. ती पुन्हा पुन्हा कप लावत होती, आणि चहा आत जायला जागाच—

मी तिचा चेहरा काढायला बसले. अजून थोडा होता तेव्हाच. नाकाची उजवी बाजू, एक भुवई. भराभर काढत होते. तिचे डोळे कसे होते? काल होते. मी रोज बघत होते. मला आठवत नाहीत.

संध्याकाळी फक्त बोटाचा ठसा होता. केवढा मोठा. त्याच्या रेघा, गोल गोल, कानापासून कानापर्यंत.

हात मात्र तिचे तसेच. माझ्या डोक्यावरून फिरवत राहिली.

४ डिसेंबर

लडकूची होडी दिसली. सामान काही नको, नुसती जाणार होते. धक्क्यापर्यंत पळत गेले. त्याने माझ्यामागे पाहिलं आणि इंजिन उलटं घातलं. ओरडला, शेठला पाठवतो, शेठला पाठवतो.

मागे वळले तर आक्का दालनाच्या दारात. उजव्या हाताचं बोट पिवळं.

माझी ओढणी पिवळी आहे.

आत जाऊन पाहिलं. तिसरा डाग. निळा, हिरवा, पिवळा. तिघांच्या मधे अजिबात जागा सोडलेली नाही.

तिला बोलता येत नाही. पण तिने माझा हात धरला, थोपटला. माझं भलं करायचंच तिच्या मनात होतं. मी इथे एकटी असते म्हणून. एवढंच.

५ डिसेंबर

फोन माझा चेहरा ओळखत नाही. पुन्हा प्रयत्न करा म्हणतो. पुन्हा. पुन्हा.

आकडे टाकून उघडला. बहिणीला, करिष्माला, व्हिडिओ लावला. ती म्हणाली, ताई, कॅमेरा पूस, तुझं तोंड धुरकट येतंय. पुसला. म्हणाली, अजून तसंच. मग तिचा आवाज बदलला. ताई, तू नीट आहेस ना? ताई, काहीतरी बोल ना.

मी बोलतच होते.

६ डिसेंबर

पेटीत रंग आहेत. स्वतःला चेहरा काढावा का? आरशात बघून. पण आरशात आता — आणि मला चेहरे जमत नाहीत. कधी जमलेच नाहीत.

पुसू? पुसलं की काय होतं ते पाहिलंय.

सगळं पिवळट दिसतंय. वरून पाणीदार रंगाचा पातळ वॉश दिल्यासारखं. उजवीकडे थोडं बरं आहे. ओळी सरळ येतात की नाही कळत नाही.

भूक आहे. खाता येत ना—

७ डिसेंबर

होडीचा आवाज. हिरामणशेठ. आवाज त्यांचाच. चिखलाच्या कडेला होडी थांबवलीय, उतरत नाहीत.

आम्ही तिघं काठावर. मी कधी आले इथे? वही हातात आहे. पाय थंड. आक्काने एक हात धरलाय.

ते रडताहेत. विचारताहेत, यातली आक्का कोन, मॅडम कोन. ज्या मॅडम असतील त्यांनी हात वर करा, मी नेतो.

मी हात वर केला

बाजूची दोघंही हात वर—

मी! मी ही, पिवळी, मी लिहितेय, वही बघा माझ्या हाता